लीड्सच्या दोन लेकी

आठवीच्या वर्गात १८५७ चा धडा चालला होता. फळ्यावर कानपूर, झाशी, काल्पी अशी गावे लिहून झाली होती. धडा रंगावा म्हणून मी एका मासिकातले ‘फेअरी क्वीन’ या इंजिनाचे चित्र मुलांपुढे धरले आणि मोठ्या कौतुकाने सांगितले, “हे इंजिन १८५५ सालचे. दुरुस्त करून आपल्या काळातही ते चालवले!” मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्या लढाईत ते कुणाच्या बाजूने होते?”

खरे सांगायचे तर मी क्षणभर गप्प झालो. ज्या सोलापूरने १९३० चा मार्शल लॉ सोसला आणि १९३१ च्या जानेवारीत चार हुतात्मे दिले, तिथली मुले हा प्रश्न विचारणारच. आणि उत्तर सरळ होते. ते कंपनी सरकारच्या बाजूने होते.

ईस्ट इंडियन रेल्वेचे हे २२ नंबरचे इंजिन. इंग्लंडातल्या लीड्स गावी किटसन, थॉम्प्सन आणि ह्युइट्सन यांच्या कारखान्यात घडले आणि जहाजातून कलकत्त्यास उतरले. वजन सुमारे २६ टन, मधली दोन चाके सहा फूट व्यासाची. हावडा ते राणीगंज टपालाची हलकी गाडी ओढणे हे त्याचे काम. पुढे बंडाचा वणवा पेटला आणि याच इंजिनाला गोऱ्या पलटणींच्या गाड्या जोडल्या गेल्या.

त्या दिवसांतली हावड्याची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. मे १८५७. मद्रास फ्युजिलिअर्सचा कर्नल नील आपली माणसे घेऊन उत्तरेकडे निघालेला. काही शिपाई अजून होड्यांतून नदी ओलांडत होते आणि इकडे गाडीची वेळ झाली. स्टेशनमास्तर म्हणाला, गाडी थांबणार नाही. नीलने त्यालाच पहाऱ्यात उभे केले, इंजिनवाल्यांनाही धरले, आणि शेवटचा शिपाई डब्यात चढल्यावरच सोडले. त्या गाडीला कोणते इंजिन होते ते महत्त्वाचे नाही. राणीगंजपर्यंतचे सुमारे १२० मैल अशा रीतीने काही तासांत संपत, पुढे बैलगाड्यांचा रस्ता. नील काशीस पोहोचला, तिथून अलाहाबादेस, आणि वाटेवरच्या झाडांना त्याने काय टांगले ते बखरकारांनी लिहून ठेवले आहे. कानपुरास नानासाहेबांच्या माणसांना मदत यायची ती पायी नाहीतर घोड्यावरून. समोरच्याची मदत वाफेवर येत होती.

हे सगळे करून १९०९ साली इंजिन निवृत्त झाले. ‘फेअरी क्वीन’ हे गोंडस नाव तर त्याला १८९५ साली मिळाले, तोवर नुसता नंबर! पुढे कित्येक वर्षे ते हावड्याला चौथऱ्यावर उभे होते, मग चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले, तिथून दिल्लीच्या संग्रहालयात.

जुने इंजिन पुन्हा जिवंत करायचे म्हणजे रंग फासून भागत नाही. इंजिनाचा जीव बॉयलरमध्ये. शंभर वर्षांत पत्रा आतून झिजतो, नळ्या गळतात. आणि झिजलेल्या पत्र्यामागे वाफ कोंडली तर तो बॉम्बच. म्हणून आधी थंड पाणी भरून, चालवताना असेल त्याहून जास्त दाब देऊन बघतात. पाणी फुटले तर कपडे भिजतात, वाफ फुटली तर माणसे मरतात. बाजारात सुटे भाग मिळत नाहीत. मोडका तुकडा समोर ठेवून तसाच नवा घडवावा लागतो. एवढे सारे सोसून १९९७ साली फेअरी क्वीन दिल्ली छावणीहून अलवारला धावली. दुसऱ्याच वर्षी चालू इंजिनांतले जगातले सर्वांत जुने म्हणून गिनीजच्या पुस्तकात तिची नोंद झाली. पुढे २०११ साली दिल्लीत उभी असताना चोरांनी तिचे भाग पळवले! मद्रासकडच्या पेरांबूर कारखान्यात पुन्हा डागडुजी झाली आणि २०१७ साली ती परत रुळावर आली. जिने स्टेशनमास्तरांना धाकात ठेवणारी पलटण पाहिली, तिच्यावर हात मारायला भुरटे चोर पुरले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बार्शी लाइट रेल्वेची पहिली इंजिनेही त्याच लीड्सची, त्याच किटसनच्या कारखान्याची. म्हणजे फेअरी क्वीनच्या धाकट्या बहिणीच म्हणा! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने ही अडीच फुटी लाइन आखली. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा नेम. त्यामुळे हलके रूळही पुरत. लहान रुळांच्या गाड्या लष्कराच्या उपयोगी पडतील हे त्याच्या डोक्यात पक्के होते, म्हणून फौज आणि तिचे सामान हलवता यावे या बेताने त्याने डबे घडवले. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट काढले.)

१८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला रूळ पंढरपुरास गेले, १९११ ला लातुरास, १९२७ ला मिरजेस. तोफांच्या हिशेबाने केलेल्या त्या गाडीत बसले कोण? कापसाचे गठ्ठे आणि आषाढीचे वारकरी. लहानपणी मीही त्या छोट्या गाडीतून पंढरपूरला गेलो आहे, आजीच्या मांडीवर. गाडीत टाळ इतके वाजत की चाकांचा आवाज ऐकू येत नसे. पुढे रूळ रुंद झाले. किटसनच्या त्या पहिल्या इंजिनांपैकी एकही मला पाहायला मिळाले नाही.

कुर्डुवाडीच्या कारखान्याने माथेरानच्या गाडीचे डबे बांधले. तो हात अजून विसरलेला नाही, याचा मला अभिमान वाटतो. आणि दिल्लीच्या थोरल्या बहिणीबद्दल विचाराल, तर तिला मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्याजवळच्या पाटीवर वयाबरोबर नीलच्या पलटणीचेही नाव असावे.

हे सर्व दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले. प्रश्न विचारणारा तो मुलगा उठला, खडू घेऊन फरशीवर एक रेघ ओढली, फूटपट्टी अडीच वेळा मांडून दुसरी ओढली. मग दोन्ही रेघांवर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “एवढ्यावरून तोफ जायची, सर?”

त्याच्या मागे पाठीला हात लावून पाचसहा पोरे उभी राहिली. गाडी दारातून बाहेर पडली तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली होती.