संभाषण-विश्लेषण
प्रत्यक्ष संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून, बोलणारे आपापली पाळी कशी घेतात हे तपासणारी ज्ञानशाखा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स (१९३५–७५) यांनी लॉस अँजेलिसमधील आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात आलेल्या दूरध्वनींवरून १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. कर्मचाऱ्याने नाव सांगितले की पलीकडचाही बहुधा सांगे. एकजण मात्र ‘ऐकू येत नाही’ म्हणाला आणि नाव सांगणे अलगद टळले. असल्या किरकोळ वाक्यांतच सॅक्स यांना व्यवस्था दिसली. इमॅन्युएल शेग्लॉफ व गेल जेफरसन यांच्यासह पाळी घेण्याविषयी लिहिलेला त्यांचा निबंध १९७४ मध्ये आला. जेफरसन यांच्या लेखनपद्धतीत श्वास, हसू, सेकंदाच्या दशांशाचा विरामही नोंदतात. वाचायला ती किचकटच. २००९ मधील दहा भाषांच्या तुलनेत प्रश्नोत्तरांतील सरासरी अंतर जपानीत सर्वांत कमी, डॅनिशमध्ये सर्वांत जास्त आढळले. तेही अर्ध्या सेकंदाच्या आतच.