उंबऱ्याच्या आतले काम

पाळणाघरावर इतिहासाचा लेख लिहिते म्हटले तर आपल्या चळवळीतले मित्रही हसतील, याची मला कल्पना आहे. सत्याग्रह, परिषदा, धर्मांतर, मोर्चे हा इतिहास. दोन खोल्यांत शेजारणींची पोरे सांभाळणे हा कसला इतिहास? हा प्रश्न मीही अनेक वर्षे स्वतःला विचारला. आता मला वाटते की तो प्रश्नच चुकीचा होता. आपण ज्याला इतिहास म्हणतो त्याच्या पायाखाली कोणाची तरी चूल पेटलेली होती, कोणाच्या तरी मांडीवर कोणाचे तरी मूल होते. ती चूल आणि ती मांडी आपण लिहिली नाही.

साताऱ्यात अकरा वर्षे मी माझ्या घरात पाळणाघर चालवले. नोकरी सुटली होती, माझी मुलगी दीड वर्षाची होती आणि घरात राहून चार पैसे मिळवायचा दुसरा मार्ग दिसत नव्हता. सुरुवात तीन मुलांनी झाली. एक नर्सबाईंचा मुलगा, एक शिक्षिकेची मुलगी आणि एक पहाटे रस्ते झाडायला जाणाऱ्या बाईचा मुलगा. हे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. तीन वर्षांखालची पाच मुले झाली की एकट्या बाईचे हात पुरत नाहीत. एकाला भरवावे तोवर दुसरे रांगत मोरीकडे जाते, तिसरे झोपेतून रडत उठते. दुधाच्या बाटल्या ओळखू याव्यात म्हणून मी त्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधत असे. औषधांच्या वेळा भिंतीवर खडूने लिहीत असे. सर्वांत अवघड हिशोब पैशाचा. जिला पाळणाघराची गरज सर्वांत जास्त, तिच्याकडे द्यायला सर्वांत कमी. झाडणाऱ्या बाईचे मूल पहाटे साडेपाचला येई आणि तिच्याकडून मी शिक्षिकेच्या निम्मेही पैसे घेत नसे. घेतले असते तर तिला काम सोडावे लागले असते.

पुढे एक नवी मुलगी आली. तिच्या घरून जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली येई. मला त्यात वावगे वाटले नाही. डबे सगळ्यांचेच येत. उन्हाळ्यात एक दिवस तिची बाटली दुपारीच संपली. पोर पाणी मागू लागली, मी आमच्या माठातले दिले. दुसऱ्या दिवशी तिची आई आली ती मुलीला न घेता. महिन्याचे राहिलेले पैसे तिने ओट्यावर ठेवले, माझ्या हातात दिले नाहीत. ‘सासूबाईंना चालत नाही हो,’ एवढेच म्हणाली आणि गेली. पोरगी अडीच वर्षांची होती. तिला तहान कळत होती, जात कळत नव्हती. जात तिला त्या संध्याकाळी घरात कळली असेल.

त्या दिवसापासून मी आपला इतिहास तीन प्रश्न मनात धरून वाचू लागले. मूल कोणाच्या उंबऱ्याच्या आत घेतले जाते? ते कोणाच्या हातचे खाते-पिते? आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईचे नाव व तिच्या कष्टाचे मोल कुठे लिहिले जाते?

सुरुवात सावित्रीबाईंपासून करावी लागते. त्या सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यात. १८६३ साली या दोघांनी पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी, त्यातही ब्राह्मण विधवांनी, येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल मारू नये, नको असल्यास ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले आहे की तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. आपण हा आकडा सभेत सांगतो आणि पुढे जातो. पण पस्तीस बाळंतपणे म्हणजे काय, याचा हिशोब बायकांनी करावा. गरम पाणी कोणी तापवले? रात्री कोण जागले? त्याच टिपणानुसार त्यातली फक्त पाच मुले जगली होती. बाकीच्यांचा जीव पोटात असतानाच दिलेल्या विषारी औषधांनी गेला होता. ती मुले कोणी उराशी धरली? ‘जोतीरावांनी गृह स्थापन केले’ या वाक्यात स्थापना येते, सांभाळणे येत नाही. सावित्रीबाईंना स्वतःला मूल नव्हते. १८७४ साली त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. शूद्र ठरवलेल्या घराचा उंबरा ब्राह्मणाच्या मुलासाठी उघडा होता. उलट दिशेचा उंबरा मात्र बंदच राहिला.

तो किती बंद होता हे पाहायला साताऱ्याला परत यावे लागते. रामजी सुभेदारांचे कुटुंब साताऱ्यात राहत होते. भीमाबाई याच गावात वारल्या. १९०१ मध्ये रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता. घरी चार मुले राहिली. भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणीत लिहिले आहे की मुलांना आत्या आणि काही दयाळू शेजारी यांच्यावर सोपवले होते. आत्या मायाळू होती, पण पायांनी अधू. तिलाच कधीकधी उचलून न्यावे लागे. स्वयंपाक तिच्याने होईना. मग शाळेत जाणारी ही चार पोरे स्वतःच शिजवत. भाकरी जमत नसे म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करत. गावात न्हावी पुष्कळ, पण एकही त्यांचे केस कापायला तयार नसे; ते काम बहिणीने करायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मुले वडिलांकडे जायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली तेव्हा काय झाले, ती बैलगाडी, ते पाण्यावाचून काढलेले तास, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे.

त्या प्रवासाच्या आधीच्या घराबद्दल मात्र आपण बोलत नाही. साताऱ्यासारख्या गावात, सरकारी नोकरी असलेल्या बापाच्या चार मुलांना दोन वेळची भाकरी करून घालील असे घर मिळाले नाही, याचे कारण गरिबी नव्हते. पैसे होते, उंबरा नव्हता. जे होते ते आत्याचे प्रेम आणि शेजाऱ्यांची दया. ते दयाळू शेजारी कोण? कोणत्या बाईने पोरांच्या घरात डोकावून ‘जेवलात का रे?’ म्हणून विचारले? बाबासाहेबांना ती दया आयुष्यभर आठवली म्हणून त्यांनी नोंदली. आपण तिचा शोध घेतला नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या पाळणाघराचा इतिहास त्या निनावी शेजारणीपासून सुरू होतो.

आता सांगलीकडे वळू. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की ज्या काळाबद्दल आपण बोलतो त्या काळात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटलांचे काम याच सलग मुलखात वाढले. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. मिरज तालुक्यातील दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसह १९१० च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथले वसतिगृह सर्व जातींच्या मुलांचे होते. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान एका पंगतीला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

ही पंगत बसवली भाऊरावांनी, वाढली लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाई कुंभोजच्या, जैन घरातल्या. सोवळेओवळे पाळणाऱ्या संस्कारांत वाढलेल्या. भाऊराव मुले घेऊन येत आणि पुन्हा वर्गणीसाठी गावोगाव निघून जात. घरात राहत त्या लक्ष्मीबाई आणि दुसऱ्यांची मुले. दळण, भाकरी, आजारपण, आईच्या आठवणीने रात्री रडणारे पोर, हे सगळे त्यांच्याकडे. ज्या मुलाच्या सावलीचा विटाळ मानायला त्यांना शिकवले होते, त्याला त्यांनी आपल्या चुलीपाशी बसवले. ही क्रांती ठरावाने झालेली नाही. रोज सकाळी पीठ मळताना झालेली आहे. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट साताऱ्यात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. १९३० साली त्या वारल्या.

मंगळसूत्राच्या या गोष्टीबद्दल माझी एक तक्रार आहे. ती सांगताना आपण लक्ष्मीबाईंचा त्याग गातो आणि त्यांचे काम विसरतो. दागिना एकदाच मोडता येतो. भाकरी रोज थापावी लागते. त्यागाला हार घालता येतो, म्हणून समाजाला त्याग आवडतो. कामाला मोल द्यावे लागते. ‘ती सगळ्यांची आई होती’ असे म्हटले की हिशोब मिटतो. आईला पगार कोण विचारतो?

दलित बाईला तर हे आईपणाचे मखरही मिळाले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरातच दुकान चालवले, दहा बाळंतपणे सोसली, दुकानात बसून नवऱ्याच्या नजरेआड लिहिले. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. लेखिका म्हणून त्यांचे नाव आपण घेतो. पण फलटणजवळ निंभोऱ्याला त्यांनी मागासवर्गीय मुलांसाठी निवासी शाळा काढली आणि चालवली, हे किती जण सांगतात? भाऊरावांच्या वसतिगृहाला आपण चळवळ म्हणतो. मग बेबीताईंच्या शाळेला उतारवयातले समाजकार्य का म्हणायचे?

सरकारने या कामात हात घातला तेव्हाही दृष्टी तीच राहिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा जन्म तिथला. १९७५ साली तो शब्द देशाच्या योजनेत आला. पण अंगणवाडीतल्या बाईला पगार नाही, मानधन. शब्द पाहा : मान आणि धन, आणि पुरेसे दोन्ही नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. सत्तेचाळीस वर्षांनी कळले की हे काम आहे!

शिवाय अंगणवाडीतली शाळा तीन वर्षांवरच्या मुलांची, आणि तीही काही तासांची. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला आहार, लस, वजनाचा काटा. दिवसभर त्याला मांडीवर घेणारे कोणी नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आली. पण आपल्या बायका त्या दारातून कधी गेल्या? सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणारी बाई कारखान्याची कामगार धरली जात नाही. ती मुकादमाच्या कोयत्याचा अर्धा हिस्सा. जत-आटपाडीतून, माणमधून, बीडकडून ती येते. तिचे तान्हे उसाच्या बांधावर झोळीत असते आणि त्याला राखायला सात-आठ वर्षांची बहीण. ती बहीण शाळेत नाही. ती आपल्या मुलखातली सर्वांत लहान पाळणाघर-चालिका आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही. ज्या मुलाने साताऱ्यात आईविना स्वतः भात शिजवला, त्याने सत्तावीस वर्षांनी हे सांगितले, असे मी वाचते. दयाळू शेजाऱ्यावर मुलांना सोडू नका, तो हक्क करा, असाच त्याचा अर्थ. मूल जन्मते त्या दिवसाला हा न्याय लागू असेल, तर ते रांगते त्या दिवसाला का नाही?

म्हणून माझे मागणे दोन प्रकारचे आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या मागण्यांच्या यादीत झोपडपट्टीतले, उसाच्या फडातले, सफाई कामगारांच्या वस्तीतले पाळणाघर वर घ्यावे. पहाटे साडेपाचला उघडणारे, आणि चालवणाऱ्या बाईला मानधन नव्हे, वेतन देणारे. आणि शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत जाऊन विचारावे : तुम्ही कामावर जात होता तेव्हा पोरे कोणाकडे होती? प्रत्येक वस्तीत एका बाईचे नाव निघेल. ते लिहून घ्यावे. तिने किती मुले सांभाळली, तिला काय मिळाले, तिच्या घरचे पाणी कोणी प्याले आणि कोणी नाही, हेही लिहावे.

माझ्या पाळणाघरातला तो पहाटे येणारा मुलगा दहावीपर्यंत आमच्याच ओट्यावर अभ्यास करायचा. त्याच्या आईने एकदा मला विचारले होते, ‘बाई, तुमचं नाव कुठं लागणार?’ तेव्हा मी हसले होते. आज मला त्या प्रश्नाचे हसू येत नाही.