फ्रूटलँड्स : एका अहिंसाव्रताचे शेतघर

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्वर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. (त्याच नावाचे विद्यापीठ येथे नव्हे, केंब्रिजला आहे.) तेथील डोंगरउतारावरील एक जुने तांबडे शेतघर संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. सन 1843 च्या जूनमध्ये विचारवंत ब्रॉन्सन अल्कॉट हे पत्नी अबिगेल व चार कन्यांसह येथे राहावयास आले. त्यांचे इंग्रज सहकारी चार्ल्स लेन यांनी 1800 डॉलर देऊन सुमारे 90 एकरांची ही शेती घेतली होती. वसाहतीचे नाव ठेवले ‘फ्रूटलँड्स’, म्हणजे फळांची भूमी.

या मंडळींचे नियम ऐकून कोणीही श्रावक थबकेल. मांस-अंडी वर्ज्यच, दूध, लोणी, मधही नाही. नांगराला बैल जुंपावयाचा नाही, शेतात शेणखत घालावयाचे नाही. वस्त्राचा विचार तर अधिकच सूक्ष्म. लोकर मेंढीची म्हणून नको, रेशमात किड्यांची हत्या म्हणून ते नको आणि कापूस गुलामांच्या श्रमातून पिकतो म्हणून तोही नको. उरले केवळ अळशीच्या धाग्याचे लिनन! कापडाची पारख पोत व रंगावरून होते; पिकविणारे हात कोणाचे, हा प्रश्न बाजारात क्वचितच विचारला जातो. पूजेला रेशमी वस्त्र नेसणाऱ्यांनीही हा नियम अवश्य मनन करावा.

परंतु व्रत घेणे निराळे, निभावणे निराळे. पुढे बैल आणावाच लागला. पुरुष मंडळी उपदेशासाठी बाहेरगावी जात आणि घरकाम अबिगेलबाईंवर पडे. त्यांची कन्या लुईझा (‘लिटल विमेन’ची लेखिका) हिने 1873 साली या दिवसांवर उपहासात्मक कथा लिहिली. वादळ येत असताना आई व मुलेच टोपल्या आणि चादरींतून पीक घरात आणतात, असा प्रसंग तीत आहे. जैन धर्माने महाव्रते मुनींना आणि अणुव्रते गृहस्थांना सांगितली, त्यामागील शहाणपण येथे उमगते. फ्रूटलँड्सने लेकुरवाळ्या संसारावर मुनींचे नियम घातले.

कडाक्याच्या थंडीत, जानेवारी 1844 मध्ये, अल्कॉट कुटुंबाने शेत सोडले. लेन आपल्या मुलासह जवळच्या ब्रह्मचारी शेकर पंथीयांकडे गेले. पुढे क्लारा एन्डिकॉट सिअर्स या विदुषींनी ही जागा विकत घेऊन 1914 साली संग्रहालय खुले केले. शेकर पंथीयांची एक जुनी इमारतही त्यांनी याच आवारात आणून उभी केली. सन 2016 पासून या वास्तूची व्यवस्था एका सार्वजनिक न्यासाकडे आहे.