सायक्लोस्टाईलचा समास

मराठी लघुनियतकालिकांचा इतिहास लिहिताना आपण कविता वाचतो, संपादकीये वाचतो. पानाचा समास मात्र वाचत नाही. सायक्लोस्टाईल केलेल्या पानावर मजकूर नेमका कुठे बसला आहे, हाही इतिहासाचा पुरावा आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘सायक्लोस्टाईल’ हे मुळात एका लेखणीचे नाव. डेव्हिड गेस्टेटनर याने लंडनमध्ये १८८१ च्या सुमारास ती काढली. तिच्या टोकाचे दातेरी चाक कागदाला बारीक भोके पाडी आणि त्या भोकांतून शाई खालच्या कागदावर उतरे. पुढे फिरत्या ड्रमची यंत्रे आली, टाइपरायटरवर स्टेन्सिल कापले जाऊ लागले; आपल्याकडे नाव तेच राहिले. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५४ साली सुरू केलेले ‘शब्द’ सायक्लोस्टाईलच होते. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात भूमिगत पत्रकेही याच यंत्रावर निघाली.

छापखान्यात खिळे चौकटीत आवळून बसवलेले असत. इथे मेणाचा पातळ कागद हाताने ड्रमवर अंथरायचा. त्यामुळे मजकूर तीन तऱ्हांनी चुके. तो वर-खाली सरकला, तर ड्रमचे फिरणे आणि कागद आत जाण्याची वेळ यांचा मेळ बदलावा लागे. डावी-उजवीकडे गेला, तर कागदाच्या बाजूच्या पट्ट्या सरकवाव्या लागत. तिरका आला, तर स्टेन्सिल उचलून पुन्हा बसवावे लागे. देवनागरीत हा तिरकेपणा लपत नाही. शिरोरेषाच पाणसळीचे काम करते. पहिले काही कागद या जुळवणीतच वाया जात.

म्हणूनच मी एकाच अंकाच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहतो. सगळ्या प्रतींत कल सारखाच असेल, तर दोष बहुधा स्टेन्सिल कापताना किंवा बसवताना झालेला. प्रत्येक प्रतीत तो निराळा असेल, तर कागद आत ओढला जाताना झालेला. ओळीच वेगळ्या जागी तुटत असतील, तर मजकूर दुसऱ्या स्टेन्सिलवर पुन्हा कापलेला आहे, हे नक्की. प्रतींची संख्या किंवा मुद्रकाचे नाव न देणाऱ्या पत्रकाच्या बाबतीत ही खूण मोलाची ठरते. कोणीतरी धोका पत्करून ते पुन्हा काढले होते, एवढे तरी तिच्यावरून कळते.

आज हे कागद पिवळे पडून तुटत आहेत, तेव्हा त्यांचे स्कॅनिंग व्हायलाच हवे. पण संगणक तिरके पान आपोआप सरळ करतो, कडा छाटतो. आणि एक प्रत स्कॅन झाली की दुसरी ‘जादा’ म्हणून रद्दीत जाते. मजकूर वाचतो, पण तो कसा छापला गेला याची साक्ष पुसली जाते. संग्राहकांना माझी विनंती साधी आहे. पूर्ण कागद चारही कडांसह, शेजारी मोजपट्टी ठेवून, जसा आहे तसा स्कॅन करा; आणि दुसरी प्रत सापडली, तर ती टाकू नका.