एचआयपी चाचणी

निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांची ठरावीक काळाने तपासणी केली, तर स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटतात का, हे पाहणारी पहिली मोठी यादृच्छिक चाचणी. ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन ऑफ ग्रेटर न्यूयॉर्क’ (एचआयपी) या योजनेत ती डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. या योजनेचे सभासद वर्गणी आगाऊ भरत आणि ठरलेल्या डॉक्टरांच्या गटाकडे उपचार घेत. संख्याशास्त्रज्ञ सॅम शापिरो, क्ष-किरणतज्ज्ञ फिलिप स्ट्रॅक्स आणि शल्यचिकित्सक लुई व्हेनेट हे चाचणीचे प्रमुख.

सभासदांच्या यादीतून ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रिया घेऊन त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला तपासणीचे बोलावणे गेले. दुसऱ्याचे उपचार नेहमीप्रमाणे चालू राहिले. डॉक्टर स्तन हाताने चाचपून पाहत, शिवाय मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण छबी घेणे, होई. पहिल्या तपासणीनंतर वर्षाला एक, अशा आणखी तीन तपासण्या ठरल्या होत्या. बोलावलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश स्त्रिया एकदाही आल्या नाहीत.

त्यांनाही बोलावलेल्यांच्याच गटात मोजले, आणि चाचणीचे खरे मोल यातच आहे. आपणहून येणाऱ्या स्त्रिया मुळातच प्रकृतीबाबत जागरूक असू शकतात. निदानानंतरची वर्षे मोजणेही फसवे ठरते. समजा, एका बाईला ५५व्या वर्षी गाठ हाताला लागली आणि ती ५८व्या वर्षी गेली. तीच गाठ तपासणीत ५२व्या वर्षी सापडली असती आणि मृत्यू तरीही ५८व्याच वर्षी आला असता, तर निदानानंतर ती तीनऐवजी सहा वर्षे जगली असे कागदावर दिसले असते. तिच्या आयुष्यात मात्र एका दिवसाचीही भर पडली नसती. म्हणून दोन्ही गटांतले मृत्यूच मोजायला हवेत. त्यासाठी लागते ती प्रत्येक नावाची यादी. दारात येणाऱ्या रुग्णांपुरतेच पाहणाऱ्या रुग्णालयाकडे ती नसते, सभासद-योजनेकडे असते.

दहा वर्षांनी बोलावलेल्या गटात स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. तपासणीत सापडलेल्या १३२ कर्करोगांपैकी जवळपास ४५ टक्के केवळ हाताने चाचपून कळले होते, तर केवळ मॅमोग्राफीत दिसलेले सुमारे ३३ टक्के. त्या काळच्या छबी आजच्याइतक्या स्पष्ट नसत, त्यामुळे श्रेय नेमके कशाचे हा वाद मागे उरला. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना किती लाभ होतो, यावरही पुढे अनेक दशके मतभेद राहिले.

हाताच्या तपासणीचा प्रश्न मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वेगळा काढून पाहिला. तिथे तयार यादी नव्हती; घरोघर फिरून ती करावी लागली. सुमारे दीड लाख स्त्रिया चाचणीत होत्या आणि तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका करत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण गटातली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. ५० आणि त्यापुढच्या वयात मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते.