सातवीच्या उंबरठ्यावर : मेक्सिकोतील एका प्रयोगाची गोष्ट

दिवाळीची सुट्टी संपते. हजेरी घेताना शिक्षक काही नावे पुकारतात आणि उत्तर येत नाही. मूल आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले असते किंवा घरी धाकट्या भावंडांना सांभाळत असते. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, "पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही." हे खरे असते का? की महत्त्व कळते, पण घरचा हिशेब जुळत नाही? या प्रश्नाचे उत्तर मतांच्या आधारे न देता प्रयोग करून शोधण्याचा एक मोठा प्रयत्न मेक्सिको देशात झाला. त्याची ही हकिकत.

संकटातून निघालेली कल्पना

डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन पेसो कोसळले. १९९५ साली उत्पादन घटले, महागाई भडकली आणि गरिबांचे हाल झाले. त्या काळी सरकार गरिबांना मदत करत होते ती मुख्यतः स्वस्त अन्नाच्या रूपाने. मक्याच्या भाकरीवर, म्हणजे तोर्तियावर, आणि दुधावर सवलत होती. पण या सवलतींचा मोठा वाटा शहरांत खर्च होई, आणि सर्वांत गरीब कुटुंबे तर डोंगराळ खेड्यांत राहत. तिथे सवलतीचे दुकानच पोहोचत नसे.

अर्थखात्यात काम करणारे अर्थतज्ज्ञ सान्तियागो लेव्ही यांनी वेगळा मार्ग सुचवला : वस्तू न देता रोख पैसे द्यावेत, ते आईच्या हाती द्यावेत, आणि त्याबरोबर मुलांची शाळा व आरोग्यतपासणी जोडावी. कांपेचे राज्यात छोट्या प्रमाणावर चाचणी झाल्यानंतर, अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या कारकिर्दीत ऑगस्ट १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' हा कार्यक्रम सुरू झाला.

एका घरचा हिशेब

मेक्सिकोत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. त्यापुढे तीन वर्षांची माध्यमिक शाळा येते आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या गावी असते. खेड्यातली पुष्कळ मुले, त्यातही मुली, याच उंबरठ्यावर गळत. म्हणून अनुदान तिसरीपासून नववीपर्यंत ठेवले आणि इयत्तेबरोबर वाढवत नेले. १९९८ च्या उत्तरार्धात तिसरीच्या मुलामागे महिन्याला ७० पेसो मिळत. नववीच्या मुलाला २२० आणि मुलीला २५५ पेसो मिळत. मुली जास्त गळत होत्या, म्हणून माध्यमिक वर्गांत त्यांचे अनुदान मुद्दाम जास्त ठेवले होते.

एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुलगा चौथीत आहे, मुलगी सातवीत. मुलाचे ८०, मुलीचे २१० आणि आहारासाठी १०० मिळून महिन्याला ३९० पेसो झाले. सरासरी कुटुंबाला मिळणारी रक्कम मात्र १९७ पेसोच्या आसपास होती; तरी ती त्याच्या आधीच्या खर्चाच्या सुमारे एक पंचमांश भरे. दर दोन महिन्यांनी आई ती स्वतः घेई. अटी दोन होत्या : मुलाची शाळेतली हजेरी किमान ८५ टक्के हवी, आणि घरातल्यांनी ठरल्या वेळी आरोग्यकेंद्रात जायला हवे. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना पूरक आहारही मिळे.

यातले गणित सरळ आहे. शाळेला फी नसली तरी शाळा फुकट नसते. शेतावर गेलेला चौदा वर्षांचा मुलगा चार पैसे आणतो. शाळेत बसला तर ते बुडतात. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाचे अनुदान साधारणपणे त्या वयाच्या मुलाच्या पूर्णवेळ कमाईच्या दोन तृतीयांशाइतके होते. म्हणजे बुडणारी मजुरी पूर्ण भरून निघत नव्हती, पण तोटा पेलण्याइतका कमी होत होता.

चिठ्ठ्या टाकून निवडलेली गावे

विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. समजा, कार्यक्रमानंतर पटसंख्या वाढली. ती अनुदानामुळे वाढली, की पीक चांगले आले म्हणून, की नवा रस्ता झाला म्हणून? नुसती 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना करून हे कळत नाही. त्यासाठी अगदी तशीच, पण अनुदान न मिळालेली गावे लागतात.

सर्व गावांना एकदम सामावून घेण्याइतका पैसा आणि माणसे सरकारकडे नव्हतीच. या अडचणीचाच उपयोग करून घेतला गेला. सात राज्यांतील ५०६ गावे निवडली आणि कोणाला आधी, कोणाला नंतर हे नशिबावर, म्हणजे यादृच्छिक निवडीवर सोपवले. ३२० गावांना १९९८ मध्ये अनुदान सुरू झाले. उरलेल्या १८६ गावांना ते १९९९ च्या अखेरीस मिळाले. सुमारे २४,००० कुटुंबांची वेळोवेळी पाहणी झाली. निवडीत कोणाच्या ओळखीचा वा मर्जीचा संबंध नसल्यामुळे दोन्ही गटांत नंतर दिसलेला फरक अनुदानाचा मानता येत होता. नव्या औषधाची चाचणी घेतात त्याच तत्त्वावर ही चाचणी झाली.

काय बदलले, काय नाही

माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण आधी ६७ टक्के होते. त्यात ७ ते ९ टक्क्यांची भर पडली. मुलांचे प्रमाण ७३ टक्के होते. ते साडेतीन ते पावणेसहा टक्क्यांनी वाढले. सर्वांत मोठा फरक सहावीतून सातवीत जाताना दिसला. प्राथमिक वर्गांत फारसा फरक पडला नाही, कारण तिथे बहुतेक मुले आधीपासूनच येत होती. पाच वर्षांखालील मुलांचे आजारपण सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाले. जेवणात भाज्या, फळे आणि मांस वाढले. मोठी माणसे पैसे मिळतात म्हणून काम सोडून बसली, असे आढळले नाही.

पैशाचे पुढे काय झाले याचाही माग घेतला गेला. पॉल गर्टलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार प्रत्येक पेसोतले सुमारे ७४ सेंटाव्हो रोजच्या गरजांवर गेले आणि उरलेले कोंबड्या, जनावरे, शेती, छोटे धंदे यांत गुंतले. गरीब माणूस रोख पैसा उधळतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकली नाही.

आता दुसरी बाजू. गावातच कोणाला अनुदान मिळे, कोणाला नाही. दोन्ही घरे डोळ्यांना सारखीच गरीब दिसत, मग शेजाऱ्यांत कुरबूर होई. अटी पाळण्यासाठीची पायपीट आणि बैठका यांचा भार बायकांवरच पडला. आणि शिक्षकांनी खास लक्षात ठेवावे असे म्हणजे, सुरुवातीच्या वर्षांत घेतलेल्या चाचण्यांत अनुदान मिळालेल्या गावांतील मुलांचे गुण इतरांपेक्षा वरचढ निघाले नाहीत. मुले वर्गात आली, जास्त वर्षे टिकली, पण वर्गात काय शिकली हे पैशाने ठरले नाही.

अट नसती तर? केनियातील ररिएदा भागात २०११ ते २०१३ या काळात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने गरीब कुटुंबांना मोबाइल फोनमार्फत बिनशर्त पैसे दिले. तिथेही चिठ्ठ्यांचीच पद्धत होती. गवताच्या छपरांवर पत्रे आले, जनावरे वाढली, दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. शिक्षणावर आणि आरोग्यावर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. पैसा घराला उभे करतो. तो नेमका कशाकडे वळेल हे त्याच्यासोबत काय जोडले आहे आणि जवळपास शाळा, दवाखाना आहे की नाही यावरही ठरते.

पुढे काय झाले

२००० साली मेक्सिकोत ७१ वर्षांनी सत्तांतर झाले. नवे सरकार जुन्याची योजना गुंडाळणार असेच सर्वांना वाटले असते. पण निष्कर्ष समोर होते. कार्यक्रम टिकला, २००२ मध्ये त्याचे नाव 'ओपोर्तुनिदादेस' झाले आणि तो शहरांतही गेला. २०१४ मध्ये तो 'प्रोस्पेरा' झाला. अखेर २०१९ मध्ये तो बंद करून त्याजागी वेगळ्या शिष्यवृत्त्या आणल्या गेल्या. दरम्यान पहिल्या तुकडीतली मुले मोठी झाली होती. २०१० च्या जनगणनेवरून केलेल्या अभ्यासात, लहानपणी अनुदानाचा लाभ मिळालेल्या स्त्रियांचे शिक्षण एक वर्षाहून अधिक वाढलेले आणि कमावत्या स्त्रियांचे प्रमाणही वाढलेले दिसले.

महाराष्ट्रातही ऑगस्ट २०२४ पासून लाखो स्त्रियांच्या बँकखात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. ही योजना मेक्सिकोपेक्षा वेगळी आहे, तिला शाळेची अट नाही. तिच्याविषयी गावागावांत वाद होतात आणि दोन्ही बाजू आपल्या माहितीतले एखादे घर पुरावा म्हणून पुढे करतात. वरच्या वर्गातील मुलांना याच ठिकाणी थांबवून विचारता येईल : एका घरावरून निष्कर्ष काढता येईल का? तुलना कशाशी करायची? चिठ्ठ्या का टाकायच्या? शाळेतल्याच एखाद्या गोष्टीवर, उदाहरणार्थ फळ्याजवळच्या बाकावर बसल्याने गुण वाढतात का यावर, त्यांना असा प्रयोग आखू द्यावा.

हजेरीपटावरच्या त्या न आलेल्या नावांकडे मात्र आपण थोडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. मेक्सिकोतील आईवडिलांना शिक्षणाचे महत्त्व कोणी नव्याने पटवून देण्याआधीच, हाती थोडे पैसे आल्यावर त्यांनी मुलीला सातवीत धाडले. तिला वर्गात आणण्याचे काम पैशाने केले. त्यापुढचे काम शिक्षकाचेच राहिले.