मोर, मयूर, मयिल : एका पक्षिनामाचा प्रवास

चेन्नईतील तिरुवल्लिकेणीच्या दक्षिणेस मैलापूर आहे. या स्थलनामाचा संबंध तमिळ ‘मयिल’ म्हणजे मोर या शब्दाशी जोडला जातो. येथे पार्वतीने लांडोरीच्या रूपात शिवाची आराधना केली, असे तेथील कपालीश्वर मंदिराचे स्थलपुराण सांगते. पुणे जिल्ह्यातील मोरगावचा मोरेश्वरही मयूरवाहन आहे. ‘मयिल’ आणि ‘मोर’ यांचे नाते कोणते, हा प्रश्न केवळ ध्वनिसाम्याने सुटणारा नाही.

मराठी ‘मोर’ची अलीकडची वंशावळ निश्चित आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अशोकाच्या पहिल्या शिलालेखात गिरनारच्या पाठात ‘मोरा’ हे रूप आढळते, तर कालसीच्या पाठात ‘मजूला’. म्हणजे ‘मयूर’चे ‘मोर’ होणे ही पश्चिमेकडील बोलीतील किमान बावीसशे वर्षांपूर्वीची घटना होय. पुढे मराठीने संस्कृत रूपही स्वतंत्रपणे उचलले. म्हणूनच मोरोपंत (१७२९–१७९४) ‘मयूरकवी’ ठरले. तमिळमध्येही ‘मयिल’शेजारी संस्कृतातून आलेले ‘मयूरम्’ नांदते.

त्याआधीची पायरी मात्र वादग्रस्त आहे. ऋग्वेदात (३.४५.१) इंद्राच्या अश्वांना मयूराची उपमा आहे. टी. बरो यांच्या मते संस्कृतने हा शब्द द्राविडीकडून घेतला. परंतु संथाळीतील ‘मराक्’ मुंडा कुळाकडेही बोट दाखवते. मोर हा या भूमीचाच पक्षी असल्याने त्याचे नाव येथील आधीच्या भाषकांकडून आले असणे स्वाभाविक आहे. एकच ऋणको-धनको जोडी गृहीत धरणे तसे नाही.

स्लाव्ह भाषांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. पोलिश ‘पाव’, चेक ‘पाव्ह’, सर्बियन व बल्गेरियन ‘पाउन’ या रूपांमागे लॅटिन ‘पावो’ आहे, ग्रीक ‘ताओस्’ नव्हे. आद्य व्यंजनच मार्ग सांगते. परका पक्षी नाव घेऊन आला, तेव्हा त्याची वाट उमटून राहिली. देशी पक्ष्याच्या नावाची वाट अनेक बोलींच्या सहवासात पुसट झाली.

हा विवेक केवळ ग्रंथगत नाही. १९८२ साली तमिळनाडूतील ‘मायूरम्’ गावाचे नाव ‘मयिलाडुतुरै’ झाले. तेथील देवता मात्र मयूरनाथच राहिली. जे दोन शब्द परस्परविरोधी अस्मितांची चिन्हे मानले गेले, ते मुळात एकाच शब्दाची दोन रूपे असण्याची शक्यता आहे. शब्दाची मालकी ठरविण्यापूर्वी त्याच्या इतिहासातील सिद्ध काय आणि संभाव्य काय, हे वेगळे ठेवणे हेच तौलनिक अभ्यासाचे पहिले कर्तव्य होय.